जिवाला घोर लागतो तेव्हा

संध्याकाळची वेळ आहे. कुणी चुलीपुढं असेल, कुणी धारा काढून नुकतीच टेकली असेल. हात कामात राहू द्या, कान तेवढा इकडं द्या.

आज आम्ही एका बचत गटातल्या बारा जणी मिळून बोलतोय. आवाज एकीचा आहे, पण काय सांगायचं ते तीन बैठकांमध्ये सगळ्यांनी बसून ठरवलंय. आमचं गाव दुष्काळी पट्ट्यातलं, तालुक्यापासून एसटीनं पाऊण तासावर. गावाचं आणि गटाचं नाव सांगत नाही, कारण जे सांगायचंय ते आमच्यातल्या चौघींच्या मनातलं आहे. त्या चौघींनी हो म्हटलं म्हणूनच बोलतोय.

विषय आहे धास्तीचा. डॉक्टर तिला चिंतेचा आजार म्हणतात, शिकलेली पोरं अँग्झायटी म्हणतात. आपल्याकडं तिला शब्द कमी नाहीत. पोटात गोळा येतो. छातीत धस्स होतं. हातपाय गळतात. तोंडचं पाणी पळतं. जीव टांगणीला लागतो. नीट बघा, पोट, छाती, हात, पाय, तोंड, सगळं अंगाचंच नाव आहे. काळजी अंगात उतरते हे आपल्या आज्यांना कधीच कळलं होतं. आपणच मधल्या काळात विसरलो आणि "हे काय, मनाचे खेळ" असं म्हणायला लागलो.

आता आमच्यातल्या एकीची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी ती गटाच्या कर्जाची कागदपत्रं घेऊन बँकेत निघाली होती. एसटीत गर्दी होती. घाट लागला आणि तिच्या छातीत धडधडायला लागलं. श्वास पुरेना. बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधीर झाले, डोळ्यांपुढं अंधारी आली. तिला वाटलं, आता आपण मरतो. कंडक्टरला सांगून ती मधल्याच फाट्यावर उतरली आणि वडाप पकडून घरी आली. नवऱ्यानं दवाखान्यात नेलं. हृदयाची पट्टी काढली, ती चांगली आली. पंधरा दिवसांनी पुन्हा तसंच झालं, पुन्हा पट्टी काढली, पुन्हा चांगली. तिथं तिला सांगितलं, "काही नाही तुम्हाला. उगाच मनाला लावून घेता."

"काही नाही" हे दोन शब्द तिला फार लागले. रोज मरणाची भीती वाटत असताना काही नाही कसं? घरचेही मग म्हणायला लागले, "डॉक्टर म्हणतात काही नाही, मग तू नाटकं करतेस का?"

त्यानंतर तिनं एसटी सोडली. मग आठवडी बाजार सोडला. मग लग्नकार्यं. मग आमच्या बैठकीला यायची बंद झाली. दर आठवड्याची बैठक, गैरहजर राहिलं की दहा रुपये दंड, असा आमचा नियम. आम्ही नियमानं दंड लिहीत गेलो. अकरा बैठकांचे एकशे दहा रुपये झाले. हप्ता ती मुलाच्या हाती पाठवायची, तोही दोनदा उशिरा आला. आमच्यात कुजबुज सुरू झाली, "तिला गटात राहायचंच नाही. नाव कमी करू." तिचं घर बैठकीच्या जागेपासून दोनशे पावलांवर आहे. पण त्या अडीच महिन्यांत आम्ही अकरा जणींतली एकही तिच्या दारात गेली नाही. हे सांगताना आम्हाला लाज वाटते, तरी सांगतोय.

बाराव्या बैठकीत नाव कमी करायचा विषय निघाला, तेव्हा आमच्यातली सगळ्यात जुनी सभासद, जी एरवी फारसं बोलत नाही, ती म्हणाली, "थांबा. तिला जे होतंय ते मला बारा वर्षं होतंय. मी सांगितलं नाही एवढंच." थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग दुसरी म्हणाली, "मला रात्री होतं. पाऊस लांबला की तीन वाजता जाग येते, ती येतेच." तिसरीनं तिच्या मुलीच्या बाळंतपणापासून चालू असलेलं सांगितलं. बारा जणींत चौघी निघाल्या. इतकी वर्षं शेजारी बसून पैसे मोजत होतो, आणि एकमेकींचं हे माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून आम्ही शिकायला लागलो. आमच्या आशाताईनं मदत केली, आणि सरकारी फोनवरच्या समुपदेशक बाईंनी. जे समजलं ते आता सांगतो.

समजा, गवत कापताना पायाशी साप दिसला. विचार करायच्या आधीच तुम्ही उडी मारता. हे कसं होतं? मूत्रपिंडाच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात. मेंदूनं धोका ओळखला की त्या ॲड्रेनलीन नावाचा रस रक्तात सोडतात. छाती जोरात चालते, म्हणजे पायांना रक्त मिळावं आणि पळता यावं. श्वास वाढतो. पोटाचं काम मागं पडतं, म्हणून गोळा येतो, मळमळतं. घाम फुटतो, अंग गार राहावं म्हणून. हे सगळं जीव वाचवण्यासाठी आहे. ते नसतं तर आपण कुणीच जगलो नसतो.

धास्तीच्या आजारात साप नसतो, पण अंग साप दिसल्यासारखंच वागतं. राखणीचं कुत्रं असतं ना, चोर आला तर भुंकतं. पण एखादं कुत्रं पान हललं तरी रात्रभर भुंकतं. म्हणून कुत्रं वाईट नसतं आणि त्याला मारूनही उपयोग नसतो. त्याला हळूहळू सवय लावावी लागते.

बोटांना मुंग्या का येतात, हेही कळलं. घाबरून आपण भराभरा श्वास घेतो, त्यामुळं रक्तातला कार्बन डायऑक्साइड वायू गरजेपेक्षा कमी होतो. त्यानं चक्कर येते, ओठ आणि बोटं बधीर होतात. मग आपण आणखी घाबरतो, आणखी भराभरा श्वास घेतो. असा हा भोवरा फिरतो. पण तो कायम फिरत नाही. बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत झटका टोकाला जातो आणि मग उतरायला लागतो. आमच्या एसटीतल्या मैत्रिणीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी दर वेळी उतरायच्या आधीच पळत होते."

तिनं बरोबर ओळखलं. फाट्यावर उतरली की बरं वाटायचं. मन शिकलं, उतरले म्हणून वाचले. पुढच्या वेळी एसटी बघूनच धडधड. मग बाजाराच्या विचारानं. मग उंबऱ्यात. जितकं टाळावं तितकं भीतीचं रान वाढत जातं आणि आपलं अंगण लहान होतं. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते हेच.

आता तुम्ही म्हणाल, काळजी कुणाला नाही? पाऊस नाही, कर्ज आहे, पोरीचं लग्न आहे, घरात दारू आहे. खरं आहे. काळजी करणं हा आजार नाही. पण काळजी बहुतेक रोज असेल, महिनोन् महिने असेल, थांबवू म्हटलं तरी थांबत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, अंग सतत आखडलेलं असेल, रोजची कामं सुटत असतील, तर ती आजाराकडं गेली असं समजावं आणि मदत घ्यावी.

एक गोष्ट मात्र आधी. सगळी धडधड धास्तीची नसते. रक्त कमी असलं तरी छाती धडधडते, थायरॉईड वाढलं तरी धडधडते, पाळी जायच्या वयातही धडधडते. म्हणून एकदा आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. आमच्या चौघींपैकी एकीचं रक्त फार कमी निघालं, गोळ्या घेतल्यावर तिची निम्मी धडधड गेली. आणि चालताना किंवा चढ चढताना छातीवर दाब येत असेल, कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, दरदरून घाम येत असेल, तर मनाचं म्हणून बसू नका. १०८ ला फोन करा.

मिश्रीचंही बोललं पाहिजे. जीव घाबरला की आपल्यातल्या कितीतरी जणी मिश्री लावतात. घटकाभर बरं वाटतं. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, आणि तंबाखूतल्या निकोटिननं छातीचे ठोके वाढतातच. दिवसातून सात-आठ वेळा कडक चहा, त्याचंही तसंच. आमच्यात दोघींनी मिश्री कमी केली, एकीची सुटली, एकीची अजून चालू आहे. खरं ते सांगितलं.

आता आम्ही काय केलं ते सांगतो.

पहिलं, श्वास. झटका आला की चार आकड्यांत श्वास आत घ्यायचा आणि सहा आकड्यांत हळूहळू बाहेर सोडायचा. बाहेरचा श्वास लांब हवा, त्यानं छातीचे ठोके सावकाश होतात. आमच्या जुन्या सभासद म्हणाल्या, "हे तर जात्यावरच्या ओवीसारखं झालं." खरंच आहे. ओवी म्हणताना एका श्वासावर ओळ पुरवावी लागते, श्वास आपोआप लांबतो. म्हणून ज्यांना आकडे मोजायचा कंटाळा येतो, त्या ओवी गुणगुणतात. चालतं.

दुसरं, वही. पानाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडं माझ्या हातात आहे ते, उजवीकडं माझ्या हातात नाही ते. पाऊस उजवीकडं. पीक विम्याचा अर्ज डावीकडं. नवऱ्याची दारू उजवीकडं, पण आपले पैसे आपल्या खात्यात ठेवणं डावीकडं. मग डावीकडची एकच गोष्ट निवडायची आणि या आठवड्यात तिचं एकच पाऊल टाकायचं. लिहिता येत नसेल तर शेजारणीनं लिहावं. वहीनं कर्ज फिटत नाही, हे आम्हालाही कळतं. पण रात्री तीन वाजता सगळी कर्जं एकदम अंगावर येतात, ती दिवसा एकेक करून समोर बसतात.

तिसरं, पायऱ्या. हे सगळ्यात महत्त्वाचं. एसटीची भीती बसलेल्या आमच्या मैत्रिणीसाठी आम्ही समुपदेशक बाईंच्या सांगण्यावरून पायऱ्या आखल्या. पहिल्या आठवड्यात फक्त थांब्यापर्यंत चालत जायचं आणि पंधरा मिनिटं बसायचं, गाडीत चढायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात एक थांबा जायचं, दोघींनी सोबत. धडधड आली तरी उतरायचं नाही, थांबा येईपर्यंत बसायचं आणि ती ओसरताना बघायची. मग तीन थांबे. मग घाटापर्यंत. मग सोबतीण मागच्या बाकावर. एकदा मध्येच सगळं बिघडलं, ती रडत परत आली, आम्ही दोन पायऱ्या मागं गेलो. त्यात हार नाही. साडेचार महिन्यांनी ती एकटी तालुक्याला जाऊन आली आणि गटाचा हप्ता भरून पावती घेऊन आली.

धडधड गेली का? नाही. अजून येते, घाटात येतेच. पण ती म्हणते, "आता ती माझ्यासोबत येते, मला घरी बसवत नाही."

चौथं, डॉक्टर. आमच्यातल्या दोघींना गोळ्या लागल्या. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो, तिथं तपासणी होते, औषधं मिळतात. लक्षात ठेवायच्या दोन गोष्टी. चिंतेवर रोज घ्यायच्या ज्या गोळ्या देतात, त्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत बंद करू नका. बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम सोडू नका. आणि झोपेच्या गोळ्या दुकानातून स्वतःच्या मनानं आणून खाऊ नका, त्यांची सवय लागते. डॉक्टरकडं गेलं म्हणजे वेड लागलं असं नसतं. साखरेची गोळी घेणाऱ्या सासूबाईंना आपण काही म्हणतो का?

आमच्यातल्या एकीला घरच्यांनी आधी देवऋषाकडं नेलं होतं. देवळात जाऊन मन शांत होत असेल तर जरूर जावं, त्याला आमची ना नाही. पण अंगारा लावून डॉक्टरचं औषध बंद करणं वेगळं, आणि भूत उतरवतो म्हणून बाईला मारणं, कोंडणं, धुरी देऊन गुदमरवणं तर त्याहून वेगळं. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली असा छळ करणं हा गुन्हा आहे.

मदत कुठं मिळेल ते लिहून घ्या. १४४१६. पुन्हा सांगतो, १४४१६. टेलि-मानस म्हणतात. केंद्र सरकारनं २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू केलेला हा फोन आहे. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आमच्यातली पहिली गच्चीवर जाऊन बोलली, घरात ऐकू नये म्हणून. काय बोलायचं सुचत नसेल तर नुसतं म्हणा, "मला भीती वाटते." पुढचं ते विचारतात. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारावर उपचार मिळणं हा आपला हक्क केलाय. कुणी हाकलून दिलं तर कायद्याचं नाव घ्या.

कुणाच्या बोलण्यात "जगून काय करायचं" असं यायला लागलं, तर ते थट्टेवारी नेऊ नका. तिला एकटं सोडू नका, शेतातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा, आणि तिच्याजवळ बसून फोन लावा. असं विचारल्यानं तिच्या डोक्यात ते भरतं हा गैरसमज आहे. विचारल्यानं तिला बोलायला वाट मिळते.

शेवटी एक दूरची गोष्ट सांगतो. आफ्रिकेत झिंबाब्वे नावाचा देश आहे. तिथल्या शोना भाषेत या दुखण्याला "कुफुंगिसिसा" म्हणतात, म्हणजे अति विचार करणं. आपल्यासारखंच की. देशभरात मनाचे डॉक्टर मोजके. तेव्हा २००६ साली हरारे शहरात डिक्सन चिबांडा या डॉक्टरांनी चौदा आज्यांना शिकवलं आणि आरोग्य केंद्राच्या आवारात लाकडी बाकं ठेवली. येणाऱ्या बाईशेजारी आजी बसायची, आधी ऐकून घ्यायची, मग दोघी मिळून एक अडचण निवडायच्या आणि पुढचं पाऊल ठरवायच्या. पुढं ५७३ रुग्णांवर याची तपासणी झाली. २०१६ साली निकाल छापून आला. सहा महिन्यांनंतर, नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा बाकावर आज्यांशी बोललेल्यांचा त्रास बराच कमी होता. आपल्या शेजारी गोव्यातही संगाथ नावाच्या संस्थेनं डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशन शिकवून आरोग्य केंद्रांत बसवलं होतं. सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना त्याचा गुण आला, असं २०१० साली प्रसिद्ध झालं.

हे ऐकल्यावर आम्हाला वाटलं, बाक नसेल, पण सतरंजी तर आपल्याकडं आहे. दर आठवड्याला आपण तिच्यावर बसतोच. त्या आज्या शिकून तयार झालेल्या होत्या, आपण तशा नाही. डॉक्टरचं काम आपण करायचं नाही. पण ऐकून घेणं, सोबत एसटीत बसणं, फोन लावून देणं, हे करता येतं.

म्हणून आम्ही गटाच्या वहीत दोन नियम नव्यानं लिहिले. पहिला: कुणी सलग दोन बैठकांना आली नाही, तर दंड लिहायच्या आधी दोघींनी तिच्या घरी जायचं, चहा प्यायचा आणि "का आली नाहीस" असं न विचारता "कशी आहेस" असं विचारायचं. दुसरा: तिनं जे सांगितलं ते सतरंजीबाहेर जायचं नाही. पैशाचा हिशेब जसा चोख ठेवतो, तसा विश्वासाचाही. आणि हो, ते एकशे दहा रुपये आम्ही तिला परत दिले. ती घेत नव्हती. आम्ही म्हटलं, हा दंड तुझा नव्हताच, आमचा होता.

मैत्रिणींनो, तुमच्या गटातही एखादी जागा बरेच दिवस रिकामी असेल. पुढच्या बैठकीची वाट बघू नका. उद्या सकाळी पाण्याला जाताना तिच्या दारावरून जा आणि हाक मारा. ती आत असेल, आणि कदाचित तिलाही वाटत असेल की हे फक्त आपल्यालाच होतं.

एवढं बोलून आमच्या बारा जणींचा नमस्कार घ्या. येतो आम्ही.